गळणारें तेल

आमच्या शाळेच्या आवारांत, जुन्या मिशनबंगल्यास लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्यें एक फोर्ड मोटार आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. तिचा भोंगा चोरून वाजविल्याबद्दल ज्यास कधींच बोलणीं बसलीं नाहींत असा विद्यार्थी विरळा. परंतु हें वार्षिक पालकांच्याहि हातीं पडतें, म्हणून त्यांच्याकरितां दोन शब्द अगोदर लिहितों. गाडी सन १९२४ ची, 'मॉडेल टी' या जातीची. ही जात अमेरिकेंत सन १९०८ च्या अखेरीस निघाली व सन १९२७ मध्यें बंद झाली. तेवढ्या अवधींत तशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. आपल्या देशांत येणाऱ्या फोर्ड गाड्या त्या काळीं कॅनडांतील कारखान्यांतून येत, म्हणून हिचें सुकाणूचक्र उजव्या बाजूस आहे. पेट्रोलची टांकी पुढच्या बैठकीखालीं असून पेट्रोल केवळ आपल्या वजनानें इंजिनाकडे उतरतें. त्यामुळें टांकींत पेट्रोल थोडें असेल तर उभ्या चढावर ही गाडी पाठमोरी चढवावी लागते. मुलांस ही थाप वाटते, पण गोष्ट खरी आहे.

हिंडण्याफिरण्याचे तिचे दिवस आतां सरले. पूर्वीं एका मिशनरी डॉक्टरांनीं तिच्यांतून खेडोपाडीं औषधें नेलीं. नंतर कित्येक वर्षें ती विटांवर उभी होती. पुढें आमच्या माजी विद्यार्थ्यांनीं हौसेनें व पदरच्या पैशानें ती पुन्हां रस्त्यावर आणली. हल्लीं ती वर्षांतून दोनदांच बाहेर पडते, एकदां शाळेच्या स्थापनादिनीं आणि एकदां नाताळच्या आदल्या सायंकाळीं. त्या सायंकाळीं बालवर्गांतील सहासात मुलें देवदूत व मेंढपाळ होऊन तींत बसतात, गाडी मिरवणुकीपुढें चालते, आणि शाळेच्या फाटकापासून उतारानें खालीं चर्चपर्यंत जाते. उताराच्या पायथ्याशीं हमरस्ता ओलांडावा लागतो. आणि डिसेंबर महिना हा आमच्या भागांत उसाचा महिना. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात. ते अचानक थांबूं शकत नाहींत.

या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाखालीं गेलीं कित्येक वर्षें तेलाचा डाग पडे. शेडच्या फरशीवर तो आतां इतका मुरला आहे कीं फरशीचा मूळ रंग कोणता होता तें तेथें सांगतां येणार नाहीं. डागावर एक पत्र्याचा डबा ठेवलेला असे, व तो भरला म्हणजे शिपाई तो रिकामा करीत असे. आमच्या समितींतील एक वडीलधारे सभासद म्हणत, "म्हातारपणीं नाक कोणाचें वाहत नाहीं?" विनोद चांगला होता, आम्हीहि हंसलों. दुसऱ्या एका सभासदांचें म्हणणें असें पडलें कीं, शंभर वर्षें पूर्ण होत आहेत तर गाडीस नवा रंग द्यावा. त्याकरितां थोडी वर्गणीहि जमली होती.

पण त्याच वर्षीं, म्हणजे सन २०२४ मध्यें, स्थापनादिनाच्या दिवशीं एक गोष्ट आमच्या नजरेस आली. क्रीडांगणाच्या कडेच्या उतरणीवर गाडी हाताचा ब्रेक ओढून उभी केली होती. मुलें गाडीभोंवतीं जमलीं होतीं. कोणी लोटलें नाहीं, कोणी चढलें नाहीं. तरी ती आपण होऊन वीतभर पुढें सरकली व एका दगडास अडून थांबली. कोणास कांहीं विशेष वाटलें नाहीं. आम्हांस मात्र त्या रात्रीं नीट झोंप आली नाहीं. याचें कारण समजण्यास या गाडीचे ब्रेक कसे आहेत तें समजलें पाहिजे.

या गाडीस ब्रेक दोन. पायाचा ब्रेक प्रत्यक्ष चाकांस धरीत नाहीं; इंजिनामागच्या गिअरपेटींत एक ड्रम फिरतो, त्याभोंवतीं तो पट्टा आंवळतो. तेथून मागें एक लांब दांडा गेलेला आहे. दांड्याच्या टोंकास लहान दांतेरी चक्र, म्हणजे पिनियन. तें ज्यांत गुंतलें आहे तें मोठें चक्र, ज्यास आमचे मिस्त्री 'कराऊन' म्हणतात. आणि त्या चक्रापासून दोहों बाजूंस चाकांपर्यंत गेलेले दोन आंस. पट्टा दांड्यास धरतो, दांडा चक्रास, चक्र आंसांस, आणि आंस चाकांस. या सांखळींतील एक कडी सुटली कीं पाय कितीहि दाबा, चाकें मोकळीं. अशा प्रसंगीं आधार असावा म्हणून दुसरा, हाताचा ब्रेक. तो मागील दोन्ही चाकांच्या ड्रममध्यें ओतीव लोखंडाचे जोडे आंतून फांकवितो, व चाक त्या जागींच धरलें जातें. त्यास सांखळीची गरज नाहीं. मात्र आंसाचें तेल गळून जातें तें नेमकें याच ड्रममध्यें. फरशीवर दिसे तें उरलेलें होतें.

आमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं एके काळीं बैलगाडी होती. तिच्या कण्यास घातलेलें वंगण तुंब्यांतून बाहेर येतें, धूळ खातें व काळें होऊन गळतें. त्याबद्दल शेतकरी कधीं जीव टाकीत नाहीं, आणि तें योग्यच आहे, कारण बैलगाडीचा रोध तुंब्याच्या आंत नसतो. मोटारीस तोच न्याय लावून चालत नाहीं. "जुनी गाडी आहे, गळायचीच," या वाक्यांत तो न्याय नकळत लावला जातो, असें आमचें मत आहे.

मोटारीच्या मागच्या आंसाची रचना अशी. मध्यभागीं कळशीएवढी एक पोकळ पेटी, तींत तीं दांतेरी चक्रें व जाड तेल. पेटीच्या दोहों बाजूंस दोन पोलादी नळ्या, त्यांतून आंस फिरतात. नळीच्या बाहेरच्या टोंकाशीं रूळांचें बेअरिंग आहे, व त्यापलीकडे तेल अडविण्याकरितां नमद्याचें एक कडें बसविलेलें असे. नमदा म्हणजे लोंकर दाबून केलेलें जाड कापड. तो तेल पितो, फुगतो, आंसास हळूच बिलगून राहतो व बाहेरची धूळहि आंत येऊं देत नाहीं. युक्ति साधी आहे, आणि आंत तेल बेताचें असेल तर ती चांगली चालते. पेटी एक तृतीयांशाहून अधिक भरूं नये, असें कंपनीच्या त्या वेळच्या पुस्तिकेंतच बजाविलेलें आहे. ही गाडी ज्यांच्या ज्यांच्या हातीं गेली त्यांनीं मात्र उलटाच परिपाठ ठेवला होता. तेल गळतें म्हणून अधिक घालावें. अधिक घातलें म्हणून तें नळींत चढावें व अधिक गळावें.

दिवाळीच्या सुटींत काम हातीं घेतलें. गांवांतील एक वृद्ध मिस्त्री आम्हांस लाभले. त्यांचें सर्व आयुष्य ट्रकांच्या पोटाखालीं गेलें आहे, आणि त्यांची नात आमच्या नववींत आहे. तीहि आली, व तिच्याबरोबर वर्गांतील चार मुलगे आले. मिस्त्रींनीं पहिल्या दिवशीं हत्यारास हात लावला नाहीं. ते डागाजवळ उकिडवे बसले, बोटानें तेल चोळलें, हुंगलें, आणि म्हणाले, "सर, पुसून काय व्हनार? त्ये येतंय कुठनं, आन् का येतंय, त्ये बघाया पायजे."

पुढच्या चाकांपुढें व मागें लांकडी ठोकळे लावून गाडी मागून उचलली आणि आंसाखालीं भक्कम घोड्या दिल्या. जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीं जावयाचें नाहीं, हा मिस्त्रींचा पहिला व शेवटचा नियम होता. चाकाची टोपी काढली, कॉटर पिन काढली, खांचांचा मोठा नट सोडविला. येथपर्यंत पंधरा मिनिटें. मग चाक निघेना. या गाडीचा आंस टोंकाकडे निमुळता असतो व चाकाचा तुंबा त्यावर पाचरीसारखा घट्ट बसतो. मध्यें एक लहानशी लोखंडी चावी असते. कडेस उभ्या असलेल्या एका तरुण गृहस्थांनीं आंसाच्या टोंकावर घण घालण्याची सूचना केली. मिस्त्रींनीं त्यांच्याकडे केवळ पाहिलें. घणानें टोंक फुगतें, आंटे बिघडतात, आणि तो दणका सबंध आंसांतून आंत पेटीपर्यंत जातो. टोपीच्याच आंट्यांवर त्यांनीं पुलर चढविला, त्याचा मधला बोल्ट जेवढा आंवळे तेवढा आंवळला, आणि आम्हां सर्वांस घरीं पाठविलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बोल्टास पाव फेरा दिला तों बंदुकीसारखा आवाज होऊन तुंबा सुटला. मुलांनीं टाळ्या पिटल्या.

आंत जें दिसलें तें पाहून टाळ्या थांबल्या. ड्रममध्यें तेल व धूळ यांचा लगदा होता. ब्रेकचे दोन्ही जोडे त्यांत माखलेले होते. हातानें दांडा ओढला असतां लोखंडावर लोखंड नुसतें घसरत होतें. नमद्याचें कडें कुजून त्याची वात झाली होती. येथें कामाचा शेवट होण्यास हरकत नव्हती. जुना नमदा काढून त्या जागीं रबरी ओठाचें नवें सील बसवावें, जोडे घांसलेटनें धुवावे, चाक चढवावें. दोन तासांचें काम. नवीं सीलें आम्हीं अमेरिकेहून टपालानें मागविलींहि होतीं, कारण या गाडीचे सुटे भाग तिकडे अद्याप तयार होतात.

परंतु बेअरिंगची नळी बाहेर ओढतांना तिच्यामागें सांचलेलें तेल खालच्या परातींत आलें, आणि त्या काळ्या तेलांत कांहींतरी चमकलें. तें प्रथम मिस्त्रींच्या नातीनें पाहिलें. करड्या रंगाच्या बारीक पापड्या होत्या. ती धांवत जाऊन प्रयोगशाळेंतून लोहचुंबक घेऊन आली व परातींत फिरवूं लागली. चुंबकास कांहींहि लागलें नाहीं. "लोखंड नाहीं, म्हणजे दांते झिजलेले नाहींत," असें एक मुलगा आनंदानें म्हणाला. मिस्त्री गप्प होते. आम्हीं त्या पापड्या धुऊन, पूर्ण वाळवून प्रयोगशाळेंत नेल्या व लोखंडी चमच्यांत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरल्या. थोड्याच वेळांत त्यांचा चकचकीत थेंब झाला.

दिव्यावर असा सहज वितळणारा करडा धातु मोटारींत असण्याची जागा फार थोडी. तो बॅबिट होता. सन १८३९ मध्यें आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिरानें शोधून काढलेला, मुख्यतः कथलाचा केलेला मऊ मिश्रधातु. आपल्याकडे त्यास व्हाईट मेटल म्हणतात. मॉडेल टी च्या मागच्या पेटींत मोठ्या दांतेरी चक्राच्या दोहों बाजूंस त्याची एकेक जाड चकती असते. चक्रावर जोर आला म्हणजे तें पिनियनपासून दूर सरूं पाहतें, व ही चकती त्यास मागून रेटून धरते. ती मोडली तर चक्र सरतें, दांते सुटतात, आणि सांखळीची कडी निखळते. मग पायाचा ब्रेक संपला. हाताच्या ब्रेकची अवस्था आम्हीं अर्ध्या तासापूर्वींच पाहिली होती.

सर्व आंस उतरवून पेटी उघडावयाची म्हणजे मागची कमान, आधाराचे दांडे, ब्रेकचे गज, सर्वच सोडवावें लागणार. सुटी त्यांत जाणार, आणि रंगाची वर्गणीहि जाणार. समितींतील सभासदांस तसें कळविलें. "सील गळतें ना? मग सील बदला. नसता उद्योग कशाला?" असें उत्तर आलें. तें रागानें दिलेलें नव्हतें. वर्गणी ज्यांनीं दिली त्यांस रंग दाखवावयाचा होता, ही अडचण खरी होती. आम्हीं एवढेंच लिहून पाठविलें कीं, पेटी न उघडतां ही गाडी नाताळांत चालविण्यास आम्ही तयार नाहीं, व दुसऱ्या कोणीं चालविल्यास तींत एकहि मूल बसूं देणार नाहीं. संध्याकाळपर्यंत संमति आली. कागदावर सही करतांना त्या गृहस्थांची स्वतःची नात बालवर्गांत आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें असावें.

पेटी उघडण्यास तीन दिवस लागले. एका बाजूची चकती तडकून तिचे तीन तुकडे झाले होते. दुसरी, म्हणजे मोठ्या चक्राच्या पाठीमागची, जिच्यावर सर्व भार, ती चकती म्हणून उरलीच नव्हती. पोलादी पत्र्यांच्या मध्यें तिचा चुरा होता. चक्र आपल्या जागेवरून सरलेलें होतें. दांत्यांवरची घांसल्याची चकाकी मध्यें असावयाची ती केवळ कडेस आली होती. तेथून पुढें सुटण्यास किती अवकाश होता हें कोणास सांगतां येणार? मिस्त्रींनीं मोडक्या चकतीचा एक तुकडा चिमटींत धरला. तो शिळ्या भाकरीसारखा मोडला. त्यांनीं फाटकाबाहेरच्या उताराकडे पाहिलें व म्हणाले, "आन् पोरं गाडीत." त्यापुढें दिवसभर ते फारसें बोलले नाहींत.

यांत कारखान्याचा दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. शंभर वर्षांत मऊ धातु ठिसूळ होऊन त्याचा भुगा व्हावा हें त्याच्या वयास धरूनच आहे. या गाड्या बाळगणारे जाणते लोक आतां त्या जागीं कांशाच्या चकत्या घालतात. तशाच आम्हींहि घातल्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरांत एका लेथवाल्यांनीं मोडक्या तुकड्यांवरून माप जुळवून त्या कांतून दिल्या. हा भाग कसल्या पंपाचा, असें त्यांनीं विचारलें. मोटारीचा, व तीहि सन १९२४ ची, हें ऐकल्यावर त्यांनीं चकत्या परत घेऊन आणखी एकदां मोजल्या.

जोडणीचें सविस्तर वर्णन करीत नाहीं. उतरविलें त्याच्या उलट क्रमानें चढविलें, एवढें म्हटलें तरी पुरे. सील बसविण्याविषयीं मात्र थोडें लिहिलें पाहिजे, कारण मूळ काम तें होतें. आंसाच्या ज्या भागावर सीलाचा ओठ टेंकतो तेथें खांच पडली असेल तर नवें सीलहि गळतें. म्हणून तेथें नखाची कड फिरवून पाहावी. आमच्या आंसावर नख अडलें नाहीं. सीलाचा ओठ आंत, तेलाकडे तोंड करून असावा. तसा असला म्हणजे तेल त्यास उलथवीत नाहीं, आंसावर अधिकच दाबतें. आणि आंसाच्या टोंकाशीं चावीची जी खांच असते तिच्या कडा सुरीसारख्या असतात. सील त्यावरून ढकलतांना ओठ कापला जातो, व नवें सील पहिल्याच दिवशीं गळूं लागतें. मिस्त्रींनीं एक गुळगुळीत कागद मागितला, तो आंसाच्या टोंकाभोंवतीं गुंडाळला, त्यास तेल लावलें, आणि सील त्यावरून अलगद सरकवून कागद काढून घेतला. कागद उत्तरपत्रिकेच्या पुरवणीचा होता. पुरवणीचा इतका सदुपयोग आम्हीं परीक्षेंत क्वचितच पाहिला आहे.

मूळचा नमदाच ठेवावयास हवा होता, अस्सलपणा गेला, असें एका जुन्या गाड्यांच्या शौकिनांनीं नंतर आम्हांस ऐकविलें. प्रदर्शनांतील गाडीविषयीं त्यांचें म्हणणें आम्ही मान्य करूं. जींत मुलें बसतात तिच्याविषयीं नाहीं.

ब्रेकचे जोडे नुसत्या लोखंडाचे असल्यामुळें घांसलेटनें धुऊन व खरवडून स्वच्छ झाले. त्यांवर अस्तर असतें तर तें टाकूनच द्यावें लागलें असतें, कारण तेल प्यालेलें अस्तर धुऊन कधींच निर्दोष होत नाहीं. पेटींत जाड तेल मोजून घातलें, व बूच लावण्यापूर्वीं प्रत्येक मुलाकडून बोट घालून पातळी पाहविली, म्हणजे पुढें कोणी "अजून थोडें" म्हणूं लागल्यास त्यास अडविणारे पांच जण गांवांत असतील.

मग परीक्षा. क्रीडांगणाच्या त्याच उतरणीवर गाडी नेली, हाताचा दांडा ओढला व दगड काढून घेतले. गाडी हलली नाहीं. मुलांनीं मागून लोटून पाहिलें. चाकें घट्ट होतीं. रात्रीं शेडमध्यें चारी चाकांखालीं व इंजिनाखालीं पांढरे कागद अंथरले. सकाळीं मागचे दोन्ही कागद कोरे होते. इंजिनाखालच्या कागदावर मात्र रुपयाएवढे दोन डाग होते. तें प्रकरण उन्हाळ्याच्या सुटींत पाहूं.

ता. २४ डिसेंबर रोजीं सायंकाळीं गाडी जुन्याच रंगांत, चारपांच ठिकाणीं पोपडे आलेली, फाटकांतून बाहेर पडली. तींत चार देवदूत व तीन मेंढपाळ होते. मिस्त्रींस आम्हीं पुढें आमच्या शेजारीं बसण्याचा आग्रह केला. ते बसले नाहींत. चाकाचा लांकडी ठोकळा काखेंत मारून ते मागच्या उजव्या चाकाच्या बरोबरीनें सबंध उतार पायीं चालले. पायथ्याशीं हमरस्त्याच्या अलीकडे आम्हीं प्रथम पाय दाबला व मग हाताचा दांडा ओढला. गाडी उभी राहिली. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या डुलत डुलत गेल्या. पंख लावलेल्या देवदूतांनीं ओरडून ऊस मागितला, आणि ट्रॅक्टरवाल्यानें हंसत एक कांडें त्यांच्याकडे फेंकलें. तें मोडून सर्वांस वांटून द्यावयाचें होतें. मिस्त्रींनीं काखेंतला ठोकळा रस्त्याच्या कडेस ठेवला, त्यावर ते बसले, आणि गुडघ्यावर ऊस मोडूं लागले.